टोळांची अर्धी पोथी

फार जुनी गोष्ट. राज्यं होती, पण त्यांच्या सीमांवर कुणी कुंपणं घातली नव्हती, तेव्हाची.

एका हिरव्या राज्यात एक शास्त्रीबुवा राहत. टोळधाड कधी आली, कुठल्या वाऱ्याबरोबर आली, हे त्यांनी वीस वर्षं पोथीत टिपून ठेवलं होतं. टोळ जन्मतात कुठे, एवढंच त्यांना माहीत नव्हतं. त्या राज्यात रीत अशी, की ग्रंथावर एकच नाव असायचं आणि त्या माणसाची हत्तीवरून मिरवणूक निघायची. बुवांचा सगळा जीव त्या मिरवणुकीत अडकला होता.

एका वर्षी ज्वारी हुरड्यात आली असताना शेजारच्या वाळूच्या राज्यातून एक विदुषी धापा टाकत त्यांच्या दारात आली.

"शास्त्रीबुवा, आमच्या सात टेकड्यांवर टोळांची पिल्लं निघालीत. अजून पंख नाहीत, तोवर चर खणून गाडता येतील. पण माणसं एकाच टेकडीपुरती आहेत. इकडे येणारी धाड कुठल्या टेकडीवरून उठते, ते तुमच्या वाऱ्यांच्या नोंदी माझ्या टेकड्यांच्या नोंदींशी ताडल्या की कळेल. दोघांची पानं शेजारी ठेवू या. आम्हीही तुमचंच धान्य खातो हो!"

बुवांनी पोथीवर हात ठेवला. "आणि ग्रंथावर नाव कुणाचं?"

"दोघांचं. हवं तर तुमचं आधी."

"विचार करतो."

"करा. पण पंख फुटायला चारच दिवस उरलेत."

बुवांनी तीन दिवस विचार केला. कसला विचार, नुसता मत्सर! विदुषी ओसरीवर बसून दिवस मोजत होती. चौथ्या सकाळी वारा हिरव्या राज्याकडे फिरला. बुवांनी घाईघाईने पोथीची दोरी सोडली. पानं शेजारी ठेवताच घटकाभरात उत्तर मिळालं. तिसरी टेकडी!

दोघांनी घोडे पिटाळले. टेकडीवर पोचले, तेव्हा वाळूवर टोळांनी टाकलेल्या काती तेवढ्या पडल्या होत्या.

"उडाले," विदुषी म्हणाली.

बुवा परतले, तर शिवारात नुसते धांडे उभे होते. बांधावरच्या एका शेतकरणीने विचारलं, "बुवा, हे आधी कळलं नसतं का हो?"

"कळलं असतं, बाई. घटकाभराचं काम होतं," म्हणत बुवा ढसाढसा रडू लागले.

त्या वर्षी दोन्ही राज्यांनी कंदमुळं खाऊन दिवस काढले.

तात्पर्य: जे ज्ञान अनेक मुलुखांत विखुरलेलं असतं, ते एकाच्या नावावर कधी पुरं होत नाही.