पंगतीचं शेवटचं पान

संस्थानाच्या नव्या कालव्याने सगळं खोरं सुखी झालं, असं दिवाण विश्वासराव जिथेतिथे सांगत. पाहणी त्यांनी केली होती, पण ती धरणाजवळच्या उसात उभं राहून. कालव्याच्या टोकाला असलेल्या खडकवाडीत पाणी कधी पोचलंच नव्हतं. कालव्याने सगळे सुखी झाले, याला तिथल्या गावकऱ्यांचाही होकार घ्यायला ते आले, तेव्हा साळू पाटलिणीने गावजेवण घातलं.

"आमच्याकडे मानाचा पाट पंगतीच्या शेवटी असतो," असं सांगून तिने दिवाणांना तिथे बसवलं.

वाढप्यांनी सुरुवातीच्या मंडळींना आग्रह करकरून खीर वाढली. दिवाणांपाशी आले तेव्हा पातेलं खरवडून झालं होतं.

"हा काय प्रकार आहे? मी उपाशी बसलोय," दिवाण कडाडले.

"असं कसं, सरकार?" पाटलीण शांतपणे म्हणाली. "पंगत तर पोटभर जेवली. पहिल्या पानांना विचारा, ढेकर देताहेत. कालव्याचंही तुम्ही पहिल्या शेतांनाच विचारलंत ना?"

दिवाणांनी रिकाम्या पानाकडे पाहिलं. मग ते उठत म्हणाले, "चला, तुमचं शेवटचं शेत दाखवा."

"दाखवते, पण आधी जेवा. शेवटच्या पानाचं आम्ही पंगत वाढायच्या आधीच काढून ठेवतो."