चुन्याचं रिंगण

एका गावात एक भोळा गडी होता. तायाप्पा त्याचं नाव. अंगात बैलाचं बळ. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. अडचण एवढीच, की सांगितलेलंच करायचा.

बाळाप्पाशेठच्या चुरमुऱ्याच्या भट्टीवर तो नवा लागला होता. भट्टी कसली, उकिरडाच तो. चाळणी शोधायला जावं तर खोरं सापडे, खोरं शोधायला जावं तर मांजर. आणि जत्रेच्या मालाचा सौदा करायला तालुक्याच्या पेठेतले मगदूमशेठ येणार होते. त्यांना टापटीप लागायची.

"तायाप्पा, भट्टी आवर," बाळाप्पाशेठ म्हणाले. "सौदा जमला तर तू कायमचा. मोडला तर तुझं गाठोडं बाहेर! खायच्या मालात जे नको, ते आधी फेकून दे."

तायाप्पानं विचार केला. खायच्या मालात काय नको? वाळू नको. त्यानं कढईतली वाळू खोऱ्यानं उपसली आणि ओढ्यात नेऊन टाकली.

शेठनी कपाळ बडवलं. "आरं, त्या तापल्या वाळूतच चुरमुरे फुलतात की! भट्टीला जे लागतं, ते भट्टीपाशीच ठेवावं!"

"असं व्हय! आता कळलं."

भट्टीला काय लागतं? लाकडं लागतात. भुसा लागतो. काड्याची पेटी, रॉकेलचा डबा. तायाप्पानं सगळं भट्टीच्या तोंडाशी सुबक रचलं. शेठ आत आले ते किंचाळतच.

"मला जित्ता जाळतोस का रं? जे पेटतं, ते आगीपासनं लांब न्यावं!"

"असं व्हय! आता कळलं."

दुसऱ्या दिवशी शेठ नवी वाळू घालून कढई हलवत बसले. चुरमुरे काही फुलेनात. वाकून बघतात तर भट्टी गार. भट्टीतली लाकडं अंगणात ओळीनं मांडलेली, धूर काढत.

"पेटत होती शेठ," तायाप्पा म्हणाला. "म्हणून आगीपासनं लांब नेली."

शेठाणी म्हणाली, "अहो, त्याला डोकं चालवायला लावताच कशाला? खुणा करून द्या."

शेठना पटलं. "हे बघ तायाप्पा. प्रत्येक वस्तूची जागा ठरव आणि भोवती चुन्याचं रिंगण काढ. कुणी दुसऱ्याच्या जागेत दिसलं की विचार करायचा नाही. उचलायचं आणि त्याच्या जागेवर नेऊन ठेवायचं."

हे मात्र त्याला झकास जमलं. खोऱ्याला रिंगण, चाळणीला रिंगण, शेठच्या गादीला रिंगण. मांजरालाही एक. भट्टी आरशासारखी झाली. शिस्त म्हणजे धंद्यातली अर्धी कमाई. उरलेली अर्धी गिऱ्हाईक सांभाळण्यात असते.

मगदूमशेठ आले आणि उंबऱ्यातच खूश झाले. "वा बाळाप्पा! सौदा झालाच म्हणून समज!"

"बसा, बसा. चुरमुऱ्याला लसणाची फोडणी देऊन आणतो. खाऊनच बोलू." बाळाप्पाशेठ आत पळाले.

मगदूमशेठ गादीवर टेकले. तायाप्पानं रिंगण बघितलं. मगदूमशेठ बघितले. पुन्हा रिंगण बघितलं.

"हे रिंगण आमच्या शेठचं. तुमची जागा कुठं?"

मगदूमशेठ ऐटीत हसले. "आमची व्हय? पेठेत, मारुतीच्या देवळासमोर. आज्ज्यापासनं तिथंच!"

"असं व्हय! आता कळलं."

तायाप्पानं त्यांना उचललं आणि हातगाडीवर ठेवलं. वाटेत पडू नयेत म्हणून दोरीनं बांधलं. मगदूमशेठ ओरडले. पण जड पोतंही उचलताना करकरतंच, म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. आत भट्टीच्या तडतडीत बाळाप्पाशेठना काही ऐकू गेलं नाही. ते फोडणीच्या चुरमुऱ्यांची परात घेऊन बाहेर आले, तर गादी रिकामी.

दिवस कलला तेव्हा तायाप्पा घामाघूम होऊन परतला. बाळाप्पाशेठ परात घेऊन अजून दारातच उभे होते.

"आरं, मगदूमशेठ कुठं गेले?"

"जागेवर ठेवून आलो, शेठ. पेठेत, देवळासमोर."

बाळाप्पाशेठच्या हातातली परात खाली पडली. "जा! पाया पड त्यांच्या आणि परत घेऊन ये!"

"आता कसे येतील?" तायाप्पा खाली सांडलेले चुरमुरे गोळा करत हसला. "त्यांच्याभोवती चांगलं जाड रिंगण काढून आलोय. स्वतःच शपथ घेऊन म्हणाले, आता मेलो तरी तिकडं पाय ठेवायचा नाही. शेठ, माझी नोकरी पक्की ना?"