मिठीतला हंडा

"महाराज, या लखूशेटने आमच्या अख्ख्या आळीच्या पोटावर पाय दिलाय!"

तांबट आळीची सून भिवरा भर दरबारात ओरडली, तेव्हा चंदनगडचा राजा विडा चघळत बसला होता. त्याचा विडा गालातच राहिला.

तांबट आळीतला हंडा म्हणजे शुद्ध तांब्याचा, हाताने ठोकून घडवलेला, बुडाशी कासवाचा शिक्का. आजीने त्यात पाणी तापवावं, नि नातसुनेनेही तापवावं! आणि हा लखूशेट काय करी? लोखंडी पत्रा साच्यात दाबी, वर तांब्याचा मुलामा फासी, हातोडीचे खोटे ठोके उमटवी, आणि वर निर्लज्जपणे बुडाशी कासवही मारी! किंमत निम्मी. मग काय, स्वस्त म्हटलं की लोकांचे पाय आपोआप वळतात. आळीतल्या हातोड्या मुक्या झाल्या. भिवराचा सासरा नारबा, ज्याच्या हातचा हंडा लोक लेकीच्या रुखवतात मिरवायचे, तो आता बाजारात परक्यांची पोती वाहत होता.

आणि राजा? तो तर चिकटांचा मुकुटमणी! राजवाड्यातले नवे हंडे झाडून सगळे लखूशेटकडचे.

"काय बिघडलं गं?" राजा म्हणाला. "दिसायला सारखेच तर आहेत!"

"दिसायला बुजगावणंही राखणदारासारखंच असतं, महाराज! मग गडाच्या दारावर पगारी शिपाई कशाला? चार बुजगावणी रोवा की, भाकरसुद्धा मागणार नाहीत!"

दरबारी तोंडाला उपरणं लावून हसले. लखूशेट मात्र हात जोडून पुढे आला. "महाराज, माझाही माल अस्सल तांब्याचा. कासव काय यांनी विकत घेतलंय? या बाईचं तोंड तेवढं चालतं!" आणि तो राजाच्या कानाशी लागला.

राजा सरसावून बसला. "ऐक गं भिवरा! एक जुना हंडा आमच्या आईसाहेबांच्या वेळचा, तुमच्या आळीतला. एक नवा, शेटचा. शेट दोन्ही घासूनपुसून इथे मांडतील. खोटा कोणता ते कळलं पाहिजे. पण तू हात लावायचा नाहीस, वाजवायचा नाहीस, तापवायचा नाहीस, बोट दाखवायचं नाहीस. आणि 'हा खोटा' असं तोंडाने म्हणायचंही नाही!"

"मग कळायचं कसं?" सुनेच्या मागे उभा असलेला म्हातारा नारबा कळवळला.

"ते तुमचं तुम्ही बघा! नाही कळलं तर सूर्य मावळायच्या आत आळी रिकामी करायची. तिथे शेटची वखार होईल."

बघा, कसला हा न्याय! चोराने सुचवायचं आणि राजाने सुनावायचं. नारबाने डोकं धरलं. भिवराने मात्र पदर खोचला.

शेटने आतून दोन हंडे आणून मांडले. एक त्याच्या पायाशी, एक पलीकडे खांबाजवळ. दोन्ही असे लखलखत होते की राजाला दोन्हींत आपली मिशी दिसली.

"बोल!" राजा म्हणाला.

"बोलते की. पण खऱ्याखोट्याचं नाही, रीतीचं. आम्हा तांबटांत मोडीची रीत आहे, महाराज. हंडा जुना झाला की घडवणारा तो मोडीत परत घेतो, आणि तेवढ्याच वजनाचं कोरं तांबं देतो. शेट म्हणतात दोन्ही हंडे तांब्याचेच. मग एक त्यांनी मोडीत घ्यावा, एक आम्ही घेतो. तांबं राजवाड्याच्या कोठीत पडेल."

घरबसल्या कोरं तांबं! राजाचे डोळे हंड्यांपेक्षा जास्त चमकले. "मंजूर! शेट, तुम्हाला?"

नाही म्हणावं तर कसं म्हणावं? "मं... मंजूर."

"शेट मोठे माणूस," भिवरा गोड आवाजात म्हणाली. "पहिला मान त्यांचा. उचला शेट, कुठला उचलता?"

हे शब्द संपायच्या आत लखूशेट पायाशी असलेला हंडा ओलांडून, धोतर सावरत, खांबाजवळ धावला आणि तिथल्या हंड्याला त्याने दोन्ही हातांनी मिठी मारली!

"अहो शेट," राजाने भुवई चढवली, "जवळचा सोडून लांबचा?"

"हाच बरा आहे, महाराज."

"का? दोन्ही सारखेच ना?"

"सारखेच... पण हा जरा... माझा जीव जडलाय याच्यावर!"

"मग तो खाली ठेवा आणि पायाशी होता तो घ्या. हुकूम आहे!"

शेट हंडा सोडीना! कपाळावरून घामाच्या धारा, आणि मिठी आणखी घट्ट. लोखंडाच्या वजनाचं तांबं द्यायचं म्हणजे मेल्याचं काळीजच तुटणार होतं!

"मी बोट दाखवलं नाही, महाराज," भिवरा म्हणाली. "तोंडानेही म्हटलं नाही."

पण राजा हट्टी तो हट्टीच. "थांब! ठरल्याप्रमाणे उरलेला तुझ्या वाट्याचा. मोडीत घे, दे तांबं!"

"वा महाराज! ज्या पोराला जन्म देणारा बापच कडेवर घेईना, ते मी का पदरात घेऊ?"

आता मात्र राजाला हसू आवरेना. त्याने मांडीवर थाप मारली. "शेट! गावात जितके हंडे विकलेत तितके सगळे मोडीत घ्या. प्रत्येकाच्या वजनाचं कोरं तांबं द्या, आणि त्या तांब्याचे हंडे ही आळीच घडवील. घडणावळ तुम्ही भरायची! आणि यापुढे कासव मारलंत तर तुमचीच पाठ ठोकून घेतो, तांबटांकडून!"

शेट हंड्यासकट मटकन खाली बसला. नारबा त्याच्याकडे न बघता घराकडे निघाला; भट्टी पेटवायची होती त्याला.

राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराला दिलं. भिवराने ते घेतलं, आणि तिथल्या तिथे दाताखाली धरून पाहिलं!

"अगं!" राजा ओरडला. "खुद्द राजाचं कडं आहे ते!"

"राजा अस्सलच आहे, महाराज. पण खरेदी स्वस्तात करतो ना!"

राजा असा खदखदून हसला की मुकुट कलला. आणि हसता हसता त्याने दुसऱ्या हातातलं कडं हळूच स्वतःच्या दाताखाली धरलं.