सातच्या पुढची मोजणी

त्या राज्यात सूर्य उगवला म्हणून दिवस सुरू होत नसे. टकाचोर मोजून झाले की सुरू होई. राजधानीच्या वेशीसमोर एक जुना उंबर होता. वेशीवरच्या पितळी कळसाला पहिलं ऊन लागलं, की त्या घटकेला उंबरावर जितके टकाचोर बसलेले असत, तसा तो दिवस. एक म्हणजे दुःख, दोन म्हणजे सुख, तीन म्हणजे पाहुणा, चार म्हणजे पाऊस, पाच म्हणजे पाळणा, सहा म्हणजे प्रवास आणि सात म्हणजे राजाचा सण. सातच्या पुढे शब्दच नव्हता, कारण सातच्या पुढे कधी कोणी पाहिलंच नव्हतं.

पक्षी होताच तसा देखणा. अंग भाजलेल्या विटेच्या रंगाचं, डोकं काजळी, पंखावर राखाडी पट्टा आणि शेपूट अंगापेक्षा लांब. नावात चोर आहे खरा, पण त्याने कुणाचा टका नेल्याचं त्या राज्यात कुणालाही आठवत नव्हतं. नाव एकदा पडलं की पडलं. त्याला कोण काय करणार? लोकांचा मात्र त्याच्यावर भारी जीव. बाया पाळण्याच्या दुपट्यावर टकाचोराची जोडी भरत, सुतार चौकटीवर जोडी कोरत, आणि उंबरावर दोघं दिसले की येणारा-जाणारा हात जोडून म्हणे, “जोडी अखंड राहो!”

आणि एकटाच दिसला तर? तर मोजणी करणारा शकुनकर काठी आपटून “एक!” असं ओरडे, दरवान वेस लावून घेई, पेटलेल्या चुली विझत आणि ठरलेली लग्नं पुढे ढकलली जात. म्हणून टकाचोरांनीही आपल्यात शिस्त लावून घेतली होती. पहाटे कोणी कोणी उंबरावर जायचं याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. त्याबद्दल उंबराच्या पारावर रोज दूधभात मांडलेला असे. सगळा संसार त्या दूधभातावर चालला होता म्हणा ना.

या साऱ्या जोड्यांमध्ये केशर आणि गहिना यांची जोडी सर्वांत लाडकी. अकरा पावसाळे ती दोघं उंबराच्या एकाच फांदीवर बसली. नव्या नवऱ्या त्यांचं तोंड बघूनच सासरी जात. लोक तान्ही मुलं उंच धरून त्यांना दाखवत. केशरला वाटे, हे सगळं आपल्यासाठीच आहे. तिला सुंदर असण्याची सवय झाली होती.

मग एका दुपारी शिक्रा आला आणि गहिन्याला घेऊन गेला. सावली पडली, फांदी हलली आणि हवेत दोन पिसं तरंगत राहिली, इतकंच.

केशरने जे केलं ते शहाण्या पक्षिणीने केलं नसतं. दुसऱ्या दिवशी तिची पाळी होती. लोक वाट बघत असतील, आपण गेलो नाही तर वेस उघडणार नाही, या विचाराने ती पहाटे उठली, नेहमीसारखी पिसं नीट केली आणि वेळेवर उंबरावर जाऊन बसली. शेजारी एका पक्ष्याची जागाही सोडली. कळसाला ऊन लागलं. शकुनकर रायाजी काठी टेकत पुढे आला, त्याने वर बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं.

“एक,” तो म्हणाला.

वेशीपाशी उभ्या असलेल्या बायांनी पदर तोंडावर घेतले. कालच जिने बाळ उंच धरलं होतं, तिने ते बाळ पोटाशी लपवलं. कोणीतरी खडा मारला. तो लागला नाही, पण केशरने तो मारणारा हात ओळखला. दूधभात मांडणारा हात होता तो.

त्याच दुपारी पक्ष्यांची बैठक बसली. वाकडचोच्या नावाचा म्हातारा टकाचोर सगळ्यांत मानाचा. तो मोठ्या गोडीने बोलला. “केशरबाई, राग मानू नका. तुमचं वाईट व्हावं असं का आम्हांला वाटतं? पण लोकांची नजर आहे. तुम्ही आपल्या डोंगरामागच्या खोऱ्यात राहा. दाट झाडी आहे, खायला आहे. फक्त गळा काढायचा नाही आणि दिसायचं नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतो.”

नर एकटा पडला तर त्याला चार दिवसांत दुसरी सोबतीण बघून दिली जाई, त्यामुळे नरांना खोऱ्याची वाट फारशी ठाऊक नव्हती. माद्यांची गोष्ट वेगळी. जिचा सोबती गेला तिच्या सावलीला शिक्रा येतो, असं बोललं जाई. कोण बोललं, कधी बोललं, ते विचारायचं नसतं.

केशर खोऱ्यात गेली. झाडी खरंच दाट होती. तिथे उन्हाचा कवडसासुद्धा चुकून येई. आणि शांतता तर अशी की स्वतःच्या पंखांचा आवाज ऐकून दचकायला व्हावं. टकाचोराची साद ही दोघांची असते; एकाने “को” म्हणायचं आणि दुसऱ्याने “कीला” म्हणून ती पुरी करायची. पुरी करणारा नसला तर सुरू कशाला करायची? केशर गप्प राहिली. अख्ख्या खोऱ्यात आपण एकट्याच आहोत, अशी तिची खात्री झाली.

तिला एकच घोर लागला होता. तिची लेक शेवरी त्या वर्षी जोडीदार निवडून बसली होती आणि येत्या पौर्णिमेच्या सकाळी तिची पहिली मोजणी होती. पहिल्या मोजणीला लेकीच्या आईने उंबराच्या शेंड्यावरून “को” अशी साद घालायची, लेकीने सोबत्याबरोबर खालच्या फांदीवर उतरत “कीला” म्हणायचं, मग आईने मागे उडून जायचं आणि शकुनकराने “दोन” म्हणून ओरडायचं. त्या एका सादेसाठी आया अंडं उबवल्यापासून गळा राखत. पण त्या सकाळी एखादी एकटी दिसली, तर नवी जोडी तिथेच फुटली असं धरत आणि दोघांनाही राज्याबाहेर हाकलत.

शेवरी एकदा चोरून भेटायला आली. फांदीवर बसली, उडाली, पुन्हा बसली. शेवटी म्हणाली, “आई, चंद्रीमावशी घालणार आहे साद. तिची जोडी आहे ना, म्हणून. तिचा आवाज काही वाईट नाही.”

“नाही गं, चांगला आहे तिचा आवाज,” केशर म्हणाली.

“तू येऊ नकोस हं आई.” एवढं बोलली आणि पोर रडायलाच लागली. “म्हणजे… मला तू हवी आहेस. पण येऊ नकोस.”

लेक गेल्यावर केशरला तिथे बसवेना. ती भरकटत शहराच्या मागल्या अंगाला गेली, जिथे घरांच्या पाठी येतात आणि कोणाची नजर जात नाही. एका परसात न्हाणीच्या पाण्यावर अळू माजलं होतं आणि धुण्याच्या दगडावर एक म्हातारी बाई तांदूळ निवडत बसली होती. ती शकुनकर रायाजीची थोरली बहीण, येसूआक्का. तीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर ती भावाच्या घरी परत आली होती, आणि विधवांच्या रीतीप्रमाणे त्या दिवसापासून घराच्या पुढच्या दारातून बाहेर पडली नव्हती.

“अगं बाई, तू होय!” आक्का म्हणाली. “ये, ये. भिऊ नकोस. ही घराची मागची बाजू. इथे कोणी मोजायला येत नाही.”

तिने मूठभर तांदूळ दगडावर टाकले. केशर उतरली. पुष्कळ दिवसांनी कोणीतरी तिच्याकडे सरळ बघत होतं. आक्का बघत राहिली आणि मग एकदम पदर तोंडाला लावून हसली.

“गंमत बघ. तू एक, मी एक. आता विचारलंच कोणी, तर दोन म्हणून सांगू. म्हणजे सुख की गं आपलं!”

केशर दाणे टिपायची थांबली. तिला माणसांची भाषा सगळी कळत नव्हती, पण आकडे चांगले कळत होते. अकरा वर्षं तिने दुसरं ऐकलं होतं काय? ती तशीच उडाली. सूर्य डोंगराला टेकला होता. खोऱ्याच्या मधोमध एका वठलेल्या झाडावर, अगदी दिसेल अशी ती बसली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, “को—”

काही नाही. पान हललं नाही. ओरडले हेच चुकलं, असं तिला वाटलं.

मग डावीकडच्या करवंदीच्या जाळीतून एक चिरका, गंजलेला आवाज आला. “—कीला.”

ती वळून बघते तो उजवीकडून आला, “—कीला.” मग ओढ्याच्या काठावरून. मग वरच्या कड्यावरून, एकामागून एक, काही अगदी कापरे, काही असे की किती वर्षांनी गळा उघडला असेल देव जाणे. सगळं खोरं बोलू लागलं. जाळ्याजाळ्यांतून विटकरी पंख बाहेर पडले आणि त्या वठल्या झाडाला जणू पालवी फुटली. प्रत्येकीला एकेकटीने इथे धाडलं होतं, प्रत्येकीला सांगितलं होतं की गळा काढायचा नाही, आणि जी ती आपल्या जाळीत बसून समजत होती की खोऱ्यात आपण एकट्याच आहोत. केशर ते बघत राहिली. इतकं मोठं काही आपल्या इतक्या जवळ होतं, हे तिच्या मनात मावेना.

“मला माझ्या लेकीला साद घालायची आहे,” ती म्हणाली. “एकटी गेले तर तिचं वाटोळं होईल.”

करवंदीच्या जाळीतली थकलेली पक्षीण म्हणाली, “मग एकटी कशाला जातेस? माझ्या लेकीची मोजणी झाली त्याला नऊ वर्षं झाली. मी इथे बसून मनातल्या मनात साद घातली होती.”

पौर्णिमेच्या सकाळी वेशीपाशी माणूस मावत नव्हता. रायाजी नवं पागोटं घालून उभा होता. दरवान वेशीच्या दाराच्या अडण्यावर हात ठेवून तयार होता. शेंड्यावर चंद्रीमावशी चोच उघडून बसली होती. शेवरी आणि तिचा सोबती वेशीवरून घिरट्या घालत होते. कळसाला ऊन लागायला क्षणाचा अवकाश होता.

तेवढ्यात डोंगराकडून साद आली. “को—”

शेवरीने तो आवाज ओळखला. ओळखला म्हणूनच तिची घिरटी चुकली. खाली माना वळल्या, कोणीतरी “एकटी! एकटी!” म्हणून ओरडलं, वाकडचोच्या पानाआडून “गप्प राहा पोरी” असं पुटपुटला. सोबती तिच्याकडे बघत होता. आता शेवरीने तोंड मिटलं असतं तर मावशीची साद होती, दूधभात होता, सगळं सुरळीत होतं. तिने मान वर केली आणि वेशीच्या दगडांतून घुमेल असं म्हणाली, “कीला!”

सोबती क्षणभर घुटमळला, आणि मग तिच्या शेजारी उतरला.

केशर शेंड्यावर आली. चंद्रीने तिला जागा दिली. आणि तिच्या मागून खोरं आलं. आधी लोकांना वाटलं धूळ उठली. मग वाटलं ढग. मग ऊन त्या पंखांतून झिरपून खाली आलं आणि सगळ्या वेशीवर, पागोट्यांवर, पितळी कळसावर विटकरी उजेड पसरला. लोकांचे जोडलेले हात तसेच राहिले; नमस्काराचे की भीतीचे, त्यांनाही कळेना. फांदी भरली, दुसरी भरली, उंबराचं पान दिसेनासं झालं. एवढ्या गर्दीत कोणाची जोडी कोण आणि एकटी कोण, हे ओळखायची सोयच उरली नाही.

रायाजीने काठी उचलली. सवयीचा माणूस तो. “एक,” तो म्हणाला. “दोन. तीन. चार.” आवाज बारीक होत गेला. “पाच. सहा. सात.” आणि तो थांबला.

“शकुनकर, काय करू?” दरवान कळवळून म्हणाला. “वेस उघडू की लावू?”

रायाजीने काठी खाली टेकवली.

केशर शेंड्यावर होती, म्हणून तिला घरांच्या पुढच्या बाजू दिसत होत्या तशा मागच्याही दिसत होत्या. रायाजीच्या परसातला धुण्याचा दगड रिकामा होता. घरातून पावलं वाजली. पुढचं दार आतून करकरलं, कोणीतरी ते ढकलण्याची सवय गेल्यासारखं ढकललं, आणि येसूआक्का उंबरठा ओलांडून उन्हात आली. मुठीत तांदूळ होते. तीस वर्षांनी दिसलेल्या त्या रस्त्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. ती भावाशेजारी येऊन उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून तिने वर पाहिलं.

“आठ,” आक्का म्हणाली.

पलीकडच्या गल्लीत एका मिटल्या दाराची कडी वाजली. कुणा बाईचा आवाज आला, “नऊ.”

मग तिच्याही पलीकडे एक कडी वाजली.