तव्याचा चेहरा

एका गावात एक लोहार होता. बायको वारली आणि त्याची ऐरण गप्प झाली. मग एका सकाळी त्याने तिच्या चुलीजवळचे सगळे लोखंड अंगणात आणले आणि भट्टी पेटवली.

फुंकणीची मान केली, सांडशीचे हात केले, विळीचे पाते वाकवून पाठीचा बाक साधला. चेहऱ्याच्या जागी तिचा तवा जोडला. वर्षानुवर्षे भाकऱ्या भाजून तो मध्ये पातळ झाला होता. नाक नाही, डोळे नाहीत, तरी पाहणारा म्हणे, "ही तीच!"

लांबून लोक चौथऱ्यावरची ती मूर्ती पाहायला येऊ लागले. शेजारीण मात्र म्हणाली, "जिवंतपणी बिचारीला घटकाभर बसू दिलं नाहीत भावजी, आता चौथरा बांधलात होय!"

त्या गावची एक रीत होती. मुलगी सासरी जाताना आईचा तवा नेई आणि तिथली पहिली भाकरी त्यावर भाजत असे. लोहाराच्या मुलीचे लग्न ठरले.

"आबा, आईचा तवा द्या."

"तिचा चेहरा काढून देऊ? नवा घडवतो की, चांगला जाड."

"जाड नको, आईचा हवा. आणि आई कधी एवढी गप्प उभी राहायची का? तव्याला रोज चूल लागते आबा. नाहीतर गंजेल."

"ती इथंच राहील," लोहार म्हणाला.

मुलगी नवा तवा घेऊन गेली.

पावसाळे गेले. मूर्ती तांबूस झाली. पाहुणे म्हणाले, "वा, काय रंग चढलाय!" लोहारही तेच म्हणू लागला.

एकदा तो मुलीकडे जेवायला गेला. आतून तिच्या सासूचा आवाज आला, "आमच्या घरी पहिल्या भाकरीची रीत झालीच नाही. बापाला मेलेलीचं तोंड प्यारं!"

"हळू बोला, आबा ओसरीवर आहेत," मुलगी म्हणाली.

लोहार ताटावरून उठला. घरी येऊन त्याने जोड तापवला, तवा सोडवला आणि तसाच परत मुलीकडे गेला.

मुलीने तो पदराने पुसला, मग राखेने घासला. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे गंजाचे पापुद्रे सुटत राहिले. तिने तवा चुलीवर ठेवला. तव्याच्या मधोमधून जाळ वर आला.

दोघे त्या भोकाकडे पाहत राहिले.

"मीच जरा जास्त घासला," मुलगी म्हणाली.

लोहार घरी परतला तेव्हा अंगणात बिनचेहऱ्याची मूर्ती सांडशीचे हात पुढे करून उभी होती.

तात्पर्य इतकेच: गेलेल्या माणसाची आठवण मागे राहिलेल्यांच्या हाती वेळेवर द्यावी, नुसती उभी करून ठेवली तर ती कोणाचीच उरत नाही.