लेयाआजीची हाक

नीट बसून ऐका, मधेच उठलात तर पुन्हा सांगणार नाही. फार फार वर्षांपूर्वी, आपल्या खाडीला धक्कासुद्धा नव्हता, तेव्हाची गोष्ट. इथं तेल गाळणारी बेने इस्राएल माणसं राहायची. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. त्यांचे पूर्वज दूरदेशाहून आले, गलबत फुटलं, पोथ्या बुडाल्या. उरली एक प्रार्थना, शेमा, म्हणजे 'ऐक', तीही तोंडी, असं म्हणतात.

एका वर्षी तापाची साथ आली आणि जाणती माणसं गेली. शेमा येणारी उरली एकटी लेयाआजी. ती पोरांना घाण्याच्या दांड्यावर बसवायची. बैल फिरायचा आणि दर फेरीला ती एक शब्द शिकवायची. "डोळ्यांवर हात ठेवा रे! इकडंतिकडं बघत म्हणायची नसते." पोरं कसली ऐकतायत! बोटांच्या फटीतून बैलाकडं बघून खिदळायची. आजीचा घसा बसत चालला होता, नजर तर कधीच गेली होती. "मेल्यांनो, माझ्यामागं कोण म्हणेल? आपण कोण, हे कुणाला ठाऊक राहील?" म्हणून ती रडायची.

एका शुक्रवारी पोरं हिराजी तांडेल नावाच्या कोळ्याच्या होडीतून पलीकडं तीळ आणायला गेली. परतताना असं धुकं उतरलं की वल्ह्याचं टोक दिसेना. ओहोटी होडीला समुद्राकडं ओढू लागली. हिराजी ओरडला, "डोळे फाडून किनारा बघा!" आणि या शहाण्यांनी काय करावं? घाबरल्यावर हातांना शिकवलेलंच आठवलं. सगळ्यांनी डोळे झाकले! हिराजीनं कपाळावर हात मारून घेतला.

पण डोळे झाकले तशी पोरं गप्प झाली. दिवस मावळायला आला होता, शब्बाथ, म्हणजे त्यांचा शनिवारचा विसावा, शुक्रवारी सांजेलाच लागतो, म्हणून काठावरचे घाणे थांबले होते. त्या शांततेत काठावरून आजीची हाक आली, "शेमा इस्राएल!" त्या बसलेल्या घशातून ती खाडीपार कशी पोचली, देव जाणे. हाकेनं धुक्यात वाट पडली, असं म्हणतात. पोरांनी पुढचे शब्द एका सुरात म्हटले, एकही न चुकता, आणि हिराजीनं आवाजाच्या रोखानं होडी वळवली.

काठावर आजीनं पाण्यावरून आलेलं उत्तर ऐकलं आणि ती मटकन खाली बसली. "अगं बाई, येतंय की माझ्या पोरांना!" म्हणाली आणि हसता हसता रडली.

आता इथली बरीच घरं इस्राएलला गेली. तरी दर शुक्रवारी, दिवस मावळायच्या आधी, उरलेली पोरं आजीच्या नावानं काठावर जमतात आणि डोळ्यांवर हात ठेवून शेमा म्हणतात. बोटांच्या फटीतून बघतात अजून, हो! तेवढ्या वेळापुरतं कोळी आपल्या होड्यांची इंजिनं बंद करतात. आणि पोरांचं म्हणून झालं की पाण्यावरून ओरडतात, "ऐकू आलं गं आजी!"