धनेशाचे दार

सागवनांनी वेढलेल्या एका राज्यात दारे घडवणारे एक घराणे होते. बाप रखमाजी झाडे निवडी, थोरला गोंदाजी करवत चालवी आणि मुलगी सगुणा चौकटी जुळवी. राजवाड्यापासून झोपडीपर्यंत दारे त्यांचीच.

एके सकाळी ती सारी दारे आपोआप उघडली. लोटली तरी मिटेनात, कडी घातली तरी गळून पडे. कुणाच्या डोळ्याला डोळा लागेना. गुरे गोठ्यात थांबेनात. रखमाजी तर सारखा येरझारा घाली, जेवायलाही बसेना. राजाने निरोप धाडला, "तीन दिवसांत दारे मिटली नाहीत, तर राज्य सोडा."

सगुणाने विचारले, "बाबा, काय लपवता?"

"खजिन्याच्या दारासाठी तोडलेल्या सागाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी होती. ढोलीचे तोंड लिंपून अंड्यांवर बसलेली. मला दिसले होते."

सगुणा तडक वनात गेली. तुटल्या बुंध्यावर धनेश बसला होता.

"शाप माझाच," तो म्हणाला. "ते दार आण. लोखंड न लावता सोडव. त्याची ढोली कर आणि मी सांगेपर्यंत आत बस."

राजा म्हणाला, "दार नेलेस तर खजिना उघडा पडेल."

"महाराज, तो आजही उघडाच आहे."

राजाने दार दिले. दुसऱ्या दिवशी तिने लाकडी मोगरीने एकेक खुंटी ठोकून फळ्या सुट्या केल्या. तिसऱ्या दिवशी त्यांची ढोली रचून ती आत शिरली. धनेशाने चिखलाने तोंड लिंपले, चोचीएवढी फट ठेवली. आत हलायला जागा नव्हती. पाय शिवशिवत होते, फळ्या लाथाडून पळावेसे वाटत होते. फटीतून उंबराची फळे येत, ती गिळी आणि बसून राही.

दुपारी रखमाजी धावत आला. "पोरी, बाहेर ये. अपराध माझा आहे."

"मला नका सांगू, बाबा. त्याला सांगा."

रखमाजी बुंध्यापाशी मटकन बसला. कित्येक दिवसांत तो प्रथमच बसला होता. "धनेशा, मी पाहिले आणि तरी कुऱ्हाड घातली," तो म्हणाला.

धनेश ढोलीपाशी उतरला. मग त्याने चोचीने चिखल फोडला. "ऊठ, मुली."

त्याच क्षणी राज्यातली दारे एकामागून एक मिटली. रखमाजी तिथेच, मातीत, गाढ झोपी गेला.

राजाने फर्मान काढले, ढोलीचे झाड कुणी तोडू नये. घराण्याचा कारखाना पुन्हा सुरू झाला. धनेश मात्र वनावरून एकटाच उडत राहिला.